पाठकोऱ्या चिठ्ठ्या

"बाई, मागच्या बाजूचं काय करायचं?"

प्रश्न एवढाच होता. विचारणारी होती स्कॅनिंगवाली, कंत्राटावर आलेली, पस्तिशीची, बोलायला सरळसोट. आणि तिनं विचारलं त्या क्षणी बाईंच्या ओठाला चहाची साय चिकटलेली होती. कोशाच्या कार्यालयात दुपारचा चहा साय धरूनच यायचा, आणि ती ओठाला लागली की बाईंच्या अंगावर काटा यायचा. सत्तावीस वर्षं यायचा. सत्तावीस वर्षांत त्यांनी एकदाही चहावाल्याला 'बाबा रे, गाळून आण' म्हणून सांगितलं नव्हतं. चिकटली की रुमालानं पुसायची, रुमाल घडी घालून पर्समध्ये ठेवायचा आणि पुढच्या कामाला लागायचं. तसा त्यांनी आत्ताही रुमाल काढला. "कसली मागची बाजू?" त्या म्हणाल्या. "चिठ्ठ्यांची हो. मशीन दोन्ही बाजू घेतं. सर म्हणाले होते, मागची बंद कर, रद्दी आहे सगळी. मी नाही केली बंद." "का बरं?" "वाचायला बरं वाटायचं म्हणून. दिवसभर नुसते शब्द बघून डोकं उठतं," असं म्हणून तिनं हातातली एक चिठ्ठी टेबलावर पालथी ठेवली. "ही बघा. आज सकाळी 'वि'च्या खणात सापडली." पालथ्या चिठ्ठीवर हिरव्या शाईच्या तीन ओळी होत्या. बाईंनी चष्मा वर केला, खाली केला. हिरव्या शाईनं लिहिणारी या कार्यालयात एकच होती, आणि तिला नोकरी सोडून एकोणीस वर्षं झाली होती.

कोशाचं काम चिठ्ठ्यांवर चालतं. एक शब्द, एक चिठ्ठी. वर शब्द, खाली तो कुणी कसा वापरला ते वाक्य, आणि कोपऱ्यात ते कुठून घेतलं त्याचा उल्लेख. पुस्तकातलं असेल तर पुस्तकाचं नाव आणि पान. कुणाच्या तोंडून ऐकलेलं असेल तर नुसतं 'मौखिक' आणि तारीख. चिठ्ठीसाठी नवा कागद वापरायचा नाही, ही संपादक सरांची शिस्त. इकडून तिकडून जमवलेले पाठकोरे कागद शिपाई आडवे कापायचा, एका कागदाच्या चार चिठ्ठ्या, आणि कोऱ्या बाजूवर शब्द चढायचा. त्यामुळे कोशातल्या लाखभर शब्दांच्या पाठीवर काय काय आहे त्याचा कुणालाच पत्ता नव्हता. जुन्या प्रश्नपत्रिका, पाणीपट्टीच्या नोटिसा, कुणाचा तरी रजेचा अर्ज, कुणाच्या तरी मुलाचं प्रगतिपुस्तक. मागची बाजू वाचायची नाही, असा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण पाळत सगळे. नवीन माणूस आला आणि चिठ्ठी उलटून हसायला लागला की सर आपल्या खोलीतून ओरडत, "अहो, पाठीमागे बोललेलं ऐकू नये!" आणि सगळं कार्यालय हसे. बाईही हसत. सत्तावीस वर्षं विनोद तोच आणि हसणंही तेच. आता या चिठ्ठ्या संगणकात चालल्या होत्या, आणि एकदा संगणकात गेल्या की कागद लगद्याला जाणार होता. आज चार वाजता संस्थेचे कार्यवाह यायचे होते. अ पासून व पर्यंतची कपाटं रिकामी करायच्या कागदावर तीन सह्या लागत होत्या: सरांची, कार्यवाहांची आणि सहसंपादक म्हणून बाईंची.

बाईंनी ओळी वाचल्या. वाचणं हा त्यांचा धंदाच. मजकूर समोर आला की डोळे आपोआप फिरतात, मनाला विचारत बसत नाहीत. 'हे सर्व मी त्याच दिवशी बाईंना सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले व माझ्या पाठीवर हात ठेवला. विचारल्यास बाई माझ्या बाजूने खरे सांगतील, अशी माझी खात्री आहे.' खाली कागद कापलेला. "बाई म्हणजे तुम्हीच ना?" स्कॅनिंगवालीनं विचारलं. दुसरी बाई होतीच कोण? पहिल्या दिवशी सरांनी 'या बाई' म्हटलं आणि शिपायापासून कार्यवाहांपर्यंत सगळ्यांनी तेच उचललं. आईवडिलांनी ठेवलेलं नाव पगाराच्या पावतीवर तेवढं उरलं. "मीच," बाई म्हणाल्या. "ठेवला होता का हो हात?" तिनं अगदी साधेपणानं विचारलं, चहात साखर घातली होती का विचारावं तसं. ओठावरची साय पुसली गेली होती, पण तिचा पातळ, मेल्या कातडीसारखा स्पर्श अजून तिथंच होता, आणि आता तो जिभेपर्यंत आला.

ती आली तेव्हा तेवीस वर्षांची होती. अंगानं काडी, पण तोंडानं फटाका. आठवड्याच्या आत सरांनी तिचं नाव लवंगी ठेवलं. "आमची लवंगी मिरची," असं ते पाहुण्यांना सांगत, आणि 'आमची' म्हणताना जीभ टाळ्याला लावून चटक असा आवाज काढत. त्या आवाजाचीही बाईंना शिसारी यायची, पण ती शिसारी कशाची आहे हे त्यांनी स्वतःला कधी विचारलं नाही. सरांच्या पुष्कळ गोष्टींची त्यांना शिसारी यायची. सर अंगठा जिभेला लावून चिठ्ठ्या उलटत. एकेका गड्डीत शंभर चिठ्ठ्या, म्हणजे शंभर वेळा अंगठा तोंडात आणि तोंडातून कागदावर. खालचा उजवा कोपरा ओला होई, मग वाळे, मग तिथं पिवळट वर्तुळ राही. त्याच गड्ड्या मग बाईंकडे येत आणि बाई त्या कोपऱ्याला हात न लावता चिठ्ठी वरून धरायला शिकल्या. इतक्या सरावानं शिकल्या की नंतर ती त्यांची लकबच झाली आणि नव्या माणसांना त्या शिकवू लागल्या, "चिठ्ठी नेहमी वरून धरावी, कोपरे दुमडत नाहीत." बघा, माणूस कसा असतो! किळसेचीसुद्धा शिस्त करून टाकतो आणि वर दुसऱ्याला शिकवतो.

लवंगीनं त्यांना जिन्यात गाठलं होतं, पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधे, जिथं पिण्याच्या पाण्याचं पिंप होतं. पिंपाची तोटी गळायची आणि खाली कायम एक हिरवट ओल असायची. "बाई, मला सर खोलीत बोलावतात आणि दार ओढून घे म्हणतात," ती म्हणाली. तिच्या हातात पेला होता, तो तिनं भरला नव्हता. "अक्षर सुधारायचं म्हणतात. खुर्चीच्या मागे उभे राहतात आणि माझा हात धरून लिहून घेतात. काल तो अंगठा, तो ओला अंगठा त्यांनी माझ्या मानेवर ठेवला, बाई. आणि काढला नाही. मी उठले तर म्हणाले, बस, वेलांटी राहिली." एवढं सांगताना तिनं मान पुसली. एक दिवस उलटून गेला होता तरी ती मान पुसत होती. बाई ऐकत होत्या, शांतपणे, ते खरं. कारण आतून त्या अजिबात शांत नव्हत्या. वेलांटी राहिली. हेच शब्द. बाईंच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, कार्यालयात नवीन असताना, हीच खोली, हीच खुर्ची, मागून आलेला हाच हात आणि 'बसा, वेलांटी राहिली.' त्यांचं अक्षर खरोखरच सुधारलं होतं. सगळे वाखाणत. वडिलांच्या मायेनं शिकवलं सरांनी, असं त्या घरी सांगत, शेजारी सांगत, इतकं सांगत की तो अर्थ पक्का झाला, छापून आल्यासारखा. आता या मुलीचं खरं धरायचं म्हणजे आपलं खोटं धरायचं. आठ वर्षं ज्याला माया म्हटलं त्याला आता दुसरं नाव द्यायचं. तेवढ्यात वरून कुणाच्या तरी चपला वाजल्या. बाई घाबरल्या. आपल्याला इथं हिच्याबरोबर कुणी बघू नये, एवढं एकच त्यांच्या डोक्यात आलं, आणि त्यांनी लवंगीच्या पाठीला हात लावून तिला वर ढकललं, हळूच. जा, जागेवर जा, या अर्थी. लवंगीनं वळून बघितलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तेव्हा बाईंना वाटलं, रागावली. आज एकोणीस वर्षांनी समोरच्या तीन ओळी सांगत होत्या की तसं नव्हतं.

"अशा अजून सहा आहेत माझ्याकडे," स्कॅनिंगवाली म्हणाली आणि तिनं प्लॅस्टिकच्या फाईलमधून त्या काढल्या. "पहिली 'आ'मध्ये सापडली. हिरवी शाई म्हणून ठेवून दिली. मग 'क'मध्ये दुसरी आली आणि मला कळलं की हे एकच पत्र आहे, तुकडे करून वाटून टाकलेलं. मग काय, मालिकेसारखं झालं मला. रोज कपाट उघडायचं आणि पुढचा भाग शोधायचा. दोन पानांचं पत्र म्हणजे आठ तुकडे. सात मिळाले. शेवटचा 'श'च्या पुढं कुठंतरी असणार." "मग मला इतके दिवस का नाही सांगितलंस?" बाईंनी विचारलं. ती म्हणाली, "राग नका मानू. पुढून सगळ्या चिठ्ठ्या तुमच्याच अक्षरात आहेत. मला वाटलं, तुम्हाला ठाऊकच असणार. तुम्हीच केलं असणार." आणि तिनं सातही चिठ्ठ्या उलटून, शब्दाची बाजू वर करून, बाईंसमोर ओळीनं मांडल्या.

आगाऊ. कांगावा. चढेल. नखरा. बोभाटा. लाडावणे. विपर्यास. बाईंचं सुरेख, वळणदार, सरांनी घडवलेलं अक्षर. प्रत्येकीच्या कोपऱ्यात 'मौखिक', आणि तारखा सगळ्या एका महिन्यातल्या. 'हल्लीच्या मुली आधी नखरा करतात आणि मग कांगावा.' 'लाडावून ठेवलं की डोक्यावर बसतात.' 'एवढ्याशा गोष्टीचा बोभाटा कशाला?' वाक्यं वाचता वाचता बाईंना तो महिना आठवला. महिना आठवला म्हणजे आधी वास आठवला, सरांच्या खोलीतला, खळ आणि पानमसाल्याचा. लवंगी नुकतीच सोडून गेली होती. रोज संध्याकाळी सुटायच्या आधी सर बाईंना आत बोलवत, "बाई, एक जिवंत वाक्य सुचलंय, नोंदवून घ्या," म्हणत, आणि आपल्या टेबलाच्या खणातून एक चिठ्ठी काढून देत. अंगठ्याला थुंकी लावून, गड्डीतून एक सोडवून. शिपायानं कापलेल्या चिठ्ठ्या बाहेर ट्रेमध्ये ढिगानं पडलेल्या असताना सर आपल्या खणातली का देतात, असा प्रश्न बाईंना पडला होता. पडला होता आणि त्यांनी त्याचं उत्तरही शोधून काढलं होतं: सर आपल्याला मान देतात. बाकीचे ट्रेमधून घेतात, आपल्याला सर हातानं देतात. मौखिक वाक्य टिपायला कान लागतो, आणि तो आपल्याकडे आहे म्हणून सर आपल्यालाच बोलावतात. घरी जाऊन नवऱ्याला सांगितलंसुद्धा. तो पेपरातून तोंड न काढता म्हणाला होता, "छान आहे की."

नवरा तसा भला माणूस. भला म्हणजे, कुठल्याच गोष्टीचा वाकडा अर्थ काढायचा नाही असा. सासूबाई पाहुण्यांसमोर म्हणायच्या, "आमच्या सुनेला घरचं काही येत नाही, पण शब्द बाकी पुष्कळ येतात हो!" आणि बाई रात्रीचं जेवण न जेवता आत बसल्या की नवरा येऊन समजूत घालायचा, "अगं, तिच्या मनात तसं नव्हतं. तू भलताच अर्थ घेतेस." नणंदेनं टोमणा मारला, तरी अर्थ बाईंनीच चुकीचा घेतलेला. बारा वर्षं अशी गेली आणि बाईंच्या हळूहळू लक्षात आलं की जगात बोलणारा कधी चुकत नाही. चूक होते ती ऐकणाऱ्याची. चापट मारणाऱ्यानं प्रेमानं मारलेली असते, गालाला ती उगाच लागते. हे एकदा अंगवळणी पडलं की घरात शांतता नांदते. बाईंच्या घरात नांदली. सासूबाई गेल्या तेव्हा सगळे म्हणाले, सुनेनं कधी उलट शब्द काढला नाही.

विपर्यास या शब्दाच्या तेवीस चिठ्ठ्या होत्या. बाई मागच्या आठवड्यापासून त्याच नोंदीवर बसल्या होत्या. अर्थ लिहून झाला होता: 'मूळ अर्थ सोडून उलटा किंवा वाकडा अर्थ लावणे, अर्थाची ओढाताण.' उदाहरण निवडायचं राहिलं होतं. आणि तेवीस चिठ्ठ्या वाचताना त्यांना एक गोष्ट खटकली होती, खटकली आणि त्यांनी ती बाजूला सारली होती, जसं सगळंच सारत. हा शब्द तोंडातून काढणारा माणूस दर वेळी तोच होता. माझ्या भाषणाचा विपर्यास केला, म्हणणारा पुढारी. माझ्या शब्दांचा विपर्यास करतेस, म्हणणारा नवरा. विपर्यास करू नका, असं पालकांना बजावणारा हेडमास्तर. ज्याला लागलं त्यानं हा शब्द वापरल्याचं एकही उदाहरण नव्हतं. ज्यानं मारलं तो हा शब्द खिशात घेऊन फिरतो आणि वेळ आली की पुढे करतो. बावीस चिठ्ठ्या अशा. आणि तेविसावी ही. ही तेवढी सरांची नव्हती, ना पुढाऱ्याची. 'तिनं सरांच्या बोलण्याचा विपर्यास केला असावा.' मौखिक. हे वाक्य बाईंचं स्वतःचं होतं.

त्या वेळचे कार्यवाह आता हयात नाहीत. लवंगीनं पत्र त्यांच्या हातात दिलं होतं आणि त्यांनी ते वाचून सरांकडे दिलं होतं, 'तुम्हीच बघून घ्या' म्हणून. पण रीत म्हणून त्यांनी बाईंना बोलावलं. सर तिथंच बसले होते, चिठ्ठ्या चाळत. "तुम्ही दोघी शेजारी बसता," कार्यवाह म्हणाले, "तुमच्या कानावर कधी काही? तसं काही?" खोलीत पंखा फिरत होता. सरांनी वर बघितलंच नाही. अंगठा जिभेला, जिभेचा कागदाला, कागद पलटला. बाईंना एवढंच म्हणायचं होतं की हो, तिनं मला सांगितलं होतं. पाच शब्द. ते घशाशी आले आणि त्यांच्या आड तो दुसरा शब्द आला, कोशातला, स्वच्छ, इस्त्री केलेला. "तिनं सरांच्या बोलण्याचा विपर्यास केला असावा," बाई म्हणाल्या. बोलण्याचा! हाताचं नाव कुणी काढलंच नाही. कार्यवाहांचा चेहरा एकदम मोकळा झाला. त्यांना शब्द आवडला. त्यांनी तो वहीत लिहून घेतला आणि विषय संपला. बाहेर पडताना सर म्हणाले, "वा, बाई. शब्दाची पारख असावी तर अशी. हे वाक्य नोंदवून ठेवा." आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी बोलावून खणातली चिठ्ठी दिली. बाईंनी ती वरून धरली. कागद पातळ होता. पलीकडून हिरवं दिसत होतं.

दिसलं होतं. हे आता लपवण्यात काय अर्थ? बाईंना पाठीमागची हिरवी शाई दिसली होती, एकदा नाही, आठही वेळा दिसली होती. त्यांनी ती वाचली नाही, एवढंच. लवंगीनं जाताना टाकलेली कच्ची टिपणं असतील, असा अर्थ त्यांनी लावला आणि मागची बाजू वाचायची नाही हा नियम पाळला. आणि त्या हिरव्यावर, आरपार दिसणाऱ्या त्या ओळींवर, आपलं दाट काळं अक्षर चढवलं, वेलांट्यांसकट. दोन महिन्यांत सहसंपादकाची जागा भरली. ती लवंगीला मिळेल असं आधी सगळे बोलत होते. बाईंनी पेढ्यांऐवजी फळं वाटली, सरांना गोड चालत नव्हतं म्हणून. हे आठवलं आणि बाई उठून मोरीत गेल्या. नळाचं पाणी तोंडावर मारलं, आरशात बघितलं. चोपन्न वर्षांची, नीटनेटकी, केस मागे घट्ट बांधलेली बाई. चांगल्या घरची दिसणारी. त्यांना त्या चेहऱ्यावर थुंकावंसं वाटलं, आणि थुंकी म्हटल्यावर पुन्हा सरांचा अंगठाच डोळ्यापुढे आला. सरांची किळस येते हे त्यांना जुनंच ठाऊक होतं. पण ती किळस त्यांना आजवर फार सोयीची पडली होती. दुसऱ्याच्या थुंकीकडे बघत राहिलं की आपल्या तोंडाकडे लक्ष जात नाही.

लवंगीचं सगळं पत्र त्यांनी मग जागेवर येऊन क्रमानं वाचलं. त्यात कुठेही आदळआपट नव्हती. वार, वेळ, कोण कुठे होतं, दार कुणी ओढलं, एवढंच. कोशात काम केलेल्या मुलीचं पत्र होतं, शब्द मोजून वापरलेले. बाई सवयीनं चुका शोधत होत्या. सात चिठ्ठ्यांत एकही अक्षर खोटं नव्हतं, एकही अर्थ चुकलेला नव्हता. सरांचा तिनं बरोब्बर लावला होता, कार्यालयाचा लावला होता. चुकला तो फक्त एकाच ठिकाणी. जिन्यात ढकललं, आणि तिला ते धीर देणं वाटलं. सगळ्या पत्रात एकट्या बाईंचाच अर्थ तिनं चुकीचा लावला होता. आहेत त्यापेक्षा त्यांना चांगलं समजली होती. पुढं ती कुठे गेली, काय करते, कुणाला माहीत नाही. एवढं मात्र खरं की ज्या दिवशी ती पत्र देऊन घरी गेली त्या दिवशी ती निर्धास्त झोपली असेल, बाई आहेत म्हणून. याच्यापुढे शिवी बरी होती.

"बाई," स्कॅनिंगवाली अजून उभीच होती. "मी आज हे घेऊन आले त्याला कारण आहे. मागच्या बुधवारी सरांनी मला खोलीत बोलावलं आणि दार ओढून घे म्हणाले. मी म्हटलं, मशीन चालू आहे, आणि सटकले. आज साडेतीनला पुन्हा बोलावलंय, कंत्राट पुढं चालू ठेवायचं की नाही ते बोलायला. ते गेलं तर माझ्या घरी चूल बंद पडते, हे त्यांना ठाऊक आहे. म्हणून विचारते, तुम्ही येता का बरोबर?" तिचा आवाज गयावया करणारा नव्हता. बाईंकडून ती फारशी आशा धरूनही नव्हती, हे तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. पत्र वाचून शहाणी झालेली होती ती. बाईंनी घड्याळ बघितलं. सव्वातीन. डोक्यात लगेच, सत्तावीस वर्षांच्या सरावानं, वाक्य तयार होऊन आलं: अगं, सरांच्या मनात तसं काही नसेल, म्हातारे झालेत आता, एकाहत्तर म्हणजे काय... वाक्य जिभेवर आलं, सायीसारखं चिकटलं. बाईंनी ते रुमालानं पुसावं तसं तोंड पुसलं. "त्या चिठ्ठ्या दे इकडे," त्या म्हणाल्या. "आणि दार मी उघडते, तू नको."

सरांच्या खोलीत तोच वास होता. सरांनी आधी स्कॅनिंगवालीकडे बघून चेहरा फुलवला, मग तिच्या पुढे बाई दिसल्या तसा थोडा मिटला. "बाई, तुम्हाला नव्हतं बोलावलं. बरं, आलाच आहात तर बसा. दार ओढून घ्या." "राहू दे उघडं," बाई म्हणाल्या, "वारा येतो." त्यांनी सात चिठ्ठ्या शब्दाची बाजू वर ठेवून सरांच्या टेबलावर ओळीनं लावल्या. सरांनी चष्मा चढवला आणि ते खूश झाले. अगदी मनापासून खूश झाले. "अरे वा! किती वर्षांनी बघतोय! काय अक्षर आहे तुमचं, बाई. आणि वाक्यं बघा, 'हल्लीच्या मुली...' ही खरी जिवंत भाषा. पुस्तकात नाही मिळायची." "तुमच्याच खणातल्या चिठ्ठ्या आहेत त्या," बाई म्हणाल्या. "पत्र तुम्हीच कापलंत का हो? का शिपायाकडून कापून घेतलंत?" सरांचं हसू तोंडावर राहिलं, फक्त त्यातला माणूस निघून गेला. त्यांनी उघड्या दाराकडे बघितलं. बाहेर टायपिंग थांबलं होतं. "कुठलं पत्र?" ते हळू आवाजात म्हणाले. "बाई, दमलात तुम्ही. काम फार झालंय. तुम्ही भलताच अर्थ काढताय." "चार वाजता कार्यवाह येतील," बाईंचा आवाज कापत होता आणि त्यांनी तो कापू दिला, "मी लगद्याच्या कागदावर सही करणार नाही. आणि यातलं सगळं मी त्यांच्यासमोर मोठ्यानं वाचणार आहे. दोन्ही बाजू. माझीसुद्धा."

सर मागे रेलून बसले. आता त्यांना धागा सापडला होता. "वाचा की," ते म्हणाले, आणि टाळ्याला जीभ लावून त्यांनी तो चटक आवाज काढला. "पण सातवी चिठ्ठी पण वाचा. तिचा गैरसमज झाला, हे मी म्हणालो नव्हतो. तुम्ही म्हणालात. तुमचं वाक्य, तुमचं अक्षर, तुमची तारीख. आता काय सांगणार, खोटं बोललात म्हणून?" "हो," बाई म्हणाल्या. "तसंच सांगणार. आणि तिचा गैरसमज झाला होता हेही सांगणार, सर. झाला होता. माझ्याबद्दल." सरांना ते कळलं नाही, किंवा कळून घ्यायचं नव्हतं. सवयीनं त्यांचा अंगठा जिभेकडे गेला आणि ओला होऊन शेवटच्या चिठ्ठीकडे आला. बाईंनी चिठ्ठी त्यांच्या बोटाखालून ओढून घेतली. "थुंकी नका लावू," त्या म्हणाल्या. एवढं वाक्य म्हणायला त्यांना सत्तावीस वर्षं लागली होती.

जिन्यात चपला वाजल्या. कार्यवाह वेळेच्या आधीच आले होते. स्कॅनिंगवाली दाराशी ताठ उभी होती, पण तिची मान घामानं ओली झालेली बाईंना दिसली, आणि बाई तिच्याजवळ गेल्या. त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. ढकलायला नव्हे, या वेळी खरोखर ठेवला.

"हात काढा, बाई," स्कॅनिंगवाली त्यांच्याकडे न बघता म्हणाली. "आधी वाचा."

बाईंनी हात काढला आणि त्या टेबलाशी परत आल्या. कार्यवाह दारात येऊन थांबले तेव्हा त्या चिठ्ठ्या उलटत होत्या.